पेटलेल्या दिव्याची साक्ष

१

थोरला गेला तो टेबलफॅनला हात लावून. ज्याची अर्धी हयात पंखे, मिक्सर आणि मोटारी दुरुस्त करण्यात गेली, तो एका जुनाट लोखंडी पंख्याने मरावा, हे बाजारात कुणाला पटत नव्हतं. न पटलेल्या गोष्टीसाठी लोक लगेच माणूस शोधतात. दिवे लागायच्या आत त्यांना तो सापडलाही. धाकटा भाऊ.

फौजदारांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात बोलावलं. मी विद्युत निरीक्षक. वीज लागून कुणी गेलं, की दोष कुठला आणि कुणाचा, हे लिहून देणं माझं काम. पूर्वी अशा घरातून परतले की मला घास उतरायचा नाही. गेल्या वर्षी आमचे हे गेले, तेव्हापासून उतरतो. सगळंच उतरतं. आत काही हलत नाही, आणि हलत नाही याचंही काही वाटत नाही.

“मॅडम, तुम्ही फक्त सही करायची,” फौजदार म्हणाले. त्यांना लवकर जेवायला जायचं असावं. “केस सरळ आहे. हा टेस्टिंगचा बोर्ड धाकट्याने बनवलाय. दोघा भावांचं भांडण आदल्या दिवशी शेजाऱ्यांनी ऐकलंय. दुकान वेगळं करायचं असणार, दुसरं काय? बोर्डात काहीतरी करून ठेवलं त्याने. मी त्याला आत घेतलाय. हातून चुकून झालं म्हणाला तर ठीक, नाहीतर खुनाचं कलम लागेल.”

“आणि बोर्डात काही केलंय, हे कशावरून?”

“थोरला चिकटला तेव्हा बोर्डावरचा दिवा लख्ख पेटला होता. तीन साक्षीदार आहेत.”

“लख्ख?”

“लख्ख.”

मी काढलेलं पेन परत पर्समध्ये ठेवलं. “मग सही होणार नाही,” मी म्हणाले. “दिवा लख्ख पेटला असेल, तर हा माणूस त्या पंख्याने मेलेलाच नाही.”

२

दुकान रुंदीला बेताचं, पण आत बोगद्यासारखं खोल. दिवसाही ट्यूब लावल्याशिवाय आतलं दिसत नाही. दाराशी गिऱ्हाइकाचं टेबल, टेबलामागे एक खुर्ची, आणि अगदी मागे, भिंतीला लागून, कामाचा बाक. बाकावर तो बोर्ड आणि तो पंखा.

असा बोर्ड दुरुस्तीच्या बहुतेक दुकानांत असतो. लाकडाची फळी, तिच्यावर एक मोठा दिवा आणि एक सॉकेट. दोन्ही एकसर जोडलेली, म्हणजे सिरीजमध्ये, एकापुढे एक. वीज आधी दिव्यातून जाणार, मग सॉकेटला लावलेल्या वस्तूतून. वस्तूच्या आत तारेला तार चिकटली असेल, तर दिवा लख्ख पेटतो. वस्तू ठीक असेल, तर तो मंद राहतो, नाहीतर पेटतच नाही. घरातले दिवे आणि पंखे असे नसतात. ते समांतर, ज्याची त्याची वाट वेगळी आणि ज्याला त्याला विजेचा पुरता दाब.

खुर्चीत आबा बसले होते, दोघा भावांचे वडील. दुकान त्यांनीच उभं केलेलं. आता मुलगे म्हणायचे, आबा, तुम्ही फक्त बसा. म्हणून ते बसायचे. बोटांत सुतळीचा तुकडा होता. त्याला गाठ मारत होते, सोडवत होते, पुन्हा मारत होते. हात थरथरत होता, पण गाठ दर वेळी तीच पडत होती.

“दिवा लख्ख पेटला होता,” आबा माझ्याकडे न बघता म्हणाले. “मी ओरडलो. तोवर झालं होतं.”

त्यांची थोरली सून मागच्या दारात उभी होती. रडून झालेलं नव्हतं, अजून सुरूच झालं नव्हतं. ती खाली ठेवलेल्या वस्तूसारखी उभी होती. मला ते उभं राहणं ओळखीचं आहे.

“ताई, या घरात आले तेव्हा आबांनी पहिली गोष्ट ही शिकवली,” ती म्हणाली. “दिवा पेटला, हात मागे. दिवा विझलेला, खुशाल हात लाव. यांना तर ते झोपेतही पाठ होतं. तरी हात कसा लावला?”

“तू स्वतः दिवा पाहिलास?”

“मी वरून आले तेव्हा आबा म्हणत होते, दिवा लख्ख पेटला होता.”

“मी विचारलं, तू पाहिलास का?”

तिने आठवून बघितलं. “नाही.”

तिसरा साक्षीदार शेजारच्या दुकानातला शिंपी. गळ्यात टेप, आणि दुसऱ्याच्या घरचं सांगायला कायम मोकळा. “मी पहिला धावलो, बाई. आबांची हाक ऐकली आणि सुई टाकून आलो. दिवा असा लख्ख.”

“आणि दुकानातली ट्यूब?”

“ती कुठली? मिट्ट काळोख होता आत. आबांनी मेन स्विच पाडलेला. मी मोबाईलच्या उजेडात बघितलं. थोरला इथे, टेबलाला टेकून पडलेला. पाय आबांच्या खुर्चीपाशी. अनवाणी. लादी नुकतीच पुसलेली, ओली.”

“मेन पाडलं होतं, तर दिवा कुठून पेटला?”

शिंपी टेपच्या टोकाशी खेळायला लागला. “म्हणजे, आबा म्हणाले ना.”

“आणि भांडण? काय ऐकलंत?”

“थोरला ओरडत होता, मी असेपर्यंत हे होणार नाही. मग काय, वाटणीशिवाय भाऊ कशाला भांडतील?”

मी फौजदारांना बाजूला घेतलं. “साहेब, तुमचे साक्षीदार तीन नाहीत. एक आहे. बाकी दोघांनी आबांचीच री ओढली. सिरीजमधल्या दिव्यांचं असंच असतं. पहिला निघाला की पुढचे आपोआप विझतात.”

“म्हणून काय म्हातारा खोटं बोलतो? स्वतःच्या मुलाच्या मरणाबद्दल?”

“ते तुमच्यासमोरच बघू,” मी म्हणाले, आणि चपला काढल्या.

३

लादी मी ओली करून घेतली. थोरला अनवाणी होता, म्हणून मीही अनवाणी. फौजदार दोन पावलं मागे सरकले. हात दाखवून अवलक्षण करून घेणारी बाई त्यांनी यापूर्वी पाहिली नसावी.

आधी बोर्ड तपासला. जोडणी नीटस, धाकट्याचा हात स्वच्छ. फेजची, म्हणजे वीज आणणारी तार आधी दिव्याला, मग सॉकेटला, जशी हवी तशीच. मग पंखा बोर्डावर लावून बटण दाबलं. पाती फिरायला लागली. दिव्याच्या आतली तार लालसुद्धा झाली नाही.

“बघा,” मी म्हणाले. “पंख्याची मोटार शाबूत आहे. या पंख्यावर हा दिवा लख्ख पेटूच शकत नाही.”

“तेव्हा पेटला असेल. काहीतरी चिकटलं असेल, मग सुटलं असेल,” फौजदार म्हणाले.

“बरं. चिकटवते.” मी बटण बंद केलं, पंख्याच्या प्लगवरच्या दोन पिना एका तारेने जोडल्या आणि बटण पुन्हा दाबलं. पाती थांबलेलीच राहिली आणि दिवा असा पेटला, की मागच्या भिंतीवरचे पोपडे दिसायला लागले. टेस्टर पंख्याच्या लोखंडी मानेला लावला. टेस्टर पेटला नाही. मग त्या मानेवर मी उलटा हात ठेवला, आणि नंतर मूठ आवळली.

काही झालं नाही. होणार नव्हतंच. मला फक्त एवढंच कळलं, की भीती वाटायला हवी होती आणि ती वाटली नाही. त्याचंच जरा कसंतरी झालं.

“एका ताटात दोघं जेवायला बसले आणि थोरल्याने ताट साफ केलं, तर धाकट्याला काय उरतं?” मी फौजदारांना विचारलं. “सिरीजमध्ये दाब वाटून घ्यावा लागतो. दिवा लख्ख, याचा अर्थ सगळा दाब दिव्याने खाल्ला. पंख्याला काही उरलं नाही. जे पंख्याला नाही, ते माणसाला कुठून?”

बटण बंद करून मी ती तार काढली आणि पुन्हा चालू केलं. दिवा विझलेला, पाती फिरणारी, सगळं शहाण्यासारखं. मी हात मागे घेतला आणि टेस्टर मानेला लावला. तो चटकन पेटला.

“आता हात लावला, तर मला इथून उचलून न्यावं लागेल. या पंख्याच्या अंगात वीज उतरलीय, आणि दिव्याला ती दिसत नाही. ही फेज लोखंडाला लागलीय, न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या तारेला नाही. त्यामुळे दिव्यातून जास्त वीज जात नाही. माणसाने हात लावला, तर त्याच्यातून जाते. माणूस मारायला जेवढी पुरते, तेवढ्यात हा दिवा लाल होत नाही.”

सून म्हणाली, “म्हणजे विझलेला असताना लागते?”

“हो.”

तिने आबांकडे पाहिलं. आबांच्या बोटांतली सुतळी थांबली होती.

मी वायर ताणून पाहिली. बोर्डाला प्लग लावला, तर पंखा बाकाच्या पुढे येत नव्हता. थोरला पडला होता दाराशी, टेबलाजवळ. तिथे पोहोचणारं सॉकेट एकच होतं. बाजूच्या भिंतीतलं, आबांच्या खुर्चीच्या पाठीमागचं. थेट, पुरत्या दाबाचं.

मग मी पंखा उलटा करून बुडाची पत्र्याची झाकणी उघडली. स्क्रूंच्या खाचांभोवती ओरखडे होते, स्क्रूड्रायव्हर घसरल्याचे. आत नवी, जाड वायर होती आणि तिला मारलेली एक गाठ. जागा पुरेना म्हणून झाकणीच्या कडेने गाठीच्या वरची वायर चेपली होती, आणि चेपून तांबं उघडं पडलं होतं.

ती गाठ मी सकाळपासून बघत होते.

४

धाकटा कोठडीत भिंतीला पाठ लावून बसला होता. भावाचे अंत्यसंस्कारही त्याला दोन शिपायांच्या मध्ये उभं राहून करावे लागले होते.

“वायर ओढली गेली तर आतून सुटू नये, म्हणून तू काय करतोस?” मी विचारलं.

“क्लिप लावतो. प्लास्टिकची. दादाही क्लिपच लावायचा. गाठ तर आता फक्त…” तो बोलता बोलता थांबला.

त्याचा चेहरा बघून मला कळलं, की त्याला कळलं. त्याने पंखा पाहिलाच नव्हता. तो आला तेव्हा भाऊ चादरीखाली होता, आणि लगेच पोलिसांनी त्याला धरला. आत्ता, या क्षणी, गाठ या एका शब्दावर, त्याला सगळं दिसलं.

“गाठ होती का आत?” त्याने हळू विचारलं.

“होती.”

“मग मीच मारली ती,” तो म्हणाला. “लिहून घ्या. मीच पंखा उघडला होता. घाईत होतो. मीच केलं.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे पुष्कळदा पाहिलंय. संन्यासीच दोर घेऊन उभा, हे पहिल्यांदा पाहिलं.

“भांडण कशावरून झालं होतं?”

त्याने मान वळवली.

“थोरला म्हणाला, मी असेपर्यंत हे होणार नाही. काय होणार नाही?”

“वाटणी,” तो म्हणाला. “मला दुकान वेगळं हवं होतं.” आणि मग, इतका वेळ कोरडे राहिलेले डोळे भरून आल्यावर, तो म्हणाला, “बाई, तुम्ही जा ना. झालं ते झालं. घरात एक तरी माणूस राहू द्या.”

मी उठले. घरात कुठला माणूस राहावा, हे त्याने ठरवलं होतं. पण त्या माणसाला हे ठाऊक नव्हतं.

५

आबा तिथेच होते. मी टेबलाच्या या बाजूला, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. सून मागच्या दाराच्या आड होती. तिची सावली लादीवर दिसत होती, पण मी तिला जा म्हटलं नाही.

“आबा, धाकट्याने कबूल केलं,” मी म्हणाले. “म्हणतो, गाठ मीच मारली.”

त्यांची मान हळूहळू वर आली. “त्याला ती गाठ धड येतच नाही,” ते म्हणाले. “शिकवली होती. कधी मन लावून शिकला नाही.”

“मग सांगा.”

त्यांनी सुतळी खिशात घातली. मग बोलले, ते हिशेब सांगितल्यासारखे, एका सुरात.

“पंखा बरेच दिवस पडून होता. मी बसून बसून कंटाळलो होतो. थोरल्याला म्हटलं, दे मला. धाकटा म्हणाला, आबांचा हात थरथरतो, देऊ नको. दिलास तर निदान त्यांचं काम बोर्डावर लावत जा. त्यावरून दोघांची जुंपली. आमच्याकडे रीत आहे, बाई. प्रत्येक वस्तू आधी बोर्डावर. पण माझ्या हातचं बोर्डावर लावायचं नाही. बापाने केलेलं तपासायचं नाही. थोरला म्हणाला, मी असेपर्यंत आबांच्या हातचं बोर्डावर जाणार नाही.”

शिंप्याने ऐकलं होतं ते हेच.

“दुसऱ्या दिवशी मी पंख्याची झाकणी लावून तो इथेच टेबलावर ठेवला. म्हटलं, झालाय, लाव. त्याने या माझ्या मागच्या भिंतीत प्लग घातला. हसला माझ्याकडे बघून. पंखा फिरायला लागला. वारा माझ्याकडे यावा म्हणून त्याने मान धरून वळवला.”

दाराआडची सावली हलली नाही.

“मेन पाडलं. नाकाशी हात धरला. श्वास नव्हता. मग डोकं चाललं ते भलतीकडेच. सुनेला काय तोंड दाखवू? पंखा उचलून बाकावर नेला, बोर्डाला लावला, आणि मग हाक मारली. म्हटलं, दिवा लख्ख होता म्हणावं. दिवा पेटलेला असताना हात लावला, तर लागणारच, असंच मला आजवर ठाऊक. म्हटलं, दोष जाईल तो बोर्डावर. लाकडाची फळी ती. तिला कोण फासावर देणार?”

“बोर्ड कुणी बनवला, ते आठवलं नाही?”

“नाही,” आबा म्हणाले. “शिपाई त्याला न्यायला आले, तेव्हा आठवलं. तेव्हापासून तोंड उघडायला बघतोय. उघडत नाही.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मग जे खरं होतं तेच मी सांगितलं, त्याने बरं वाटेल की वाईट याचा विचार न करता. “आबा, त्याने पंखा बोर्डावर लावला असता, तरी तो वाचला नसता. दिवा विझलेलाच राहिला असता. तुमच्या शिस्तीप्रमाणे त्याने खुशाल हात लावला असता.”

“म्हणजे गाठही माझी,” ते म्हणाले, “आणि शिस्तही माझीच.”

सून दारातून बाहेर आली. मला वाटलं, आता ती किंचाळेल, निदान रडेल तरी. तिने खुर्चीखाली वाकून म्हाताऱ्याच्या चपला बाहेर ओढल्या आणि त्यांच्या पायापाशी नीट मांडून ठेवल्या.

“घाला, आबा,” ती म्हणाली. “भावोजींना आणायला जायचंय. मी येते बरोबर.”

६

फौजदारांनी जबाब लिहून घेतला, धाकट्याला सोडलं आणि आबांना हमीवर घरी पाठवलं. पुढे कोर्ट काय म्हणायचं ते म्हणेल. माझ्या अहवालात मी अपघात लिहिलं आणि कारणाच्या जागी चेपलेली वायर. रीत लिहायला तिथे रकाना नव्हता.

काही दिवसांनी सुनेने मला बोलावलं. “ताई, घरातल्या सगळ्या पंख्यांत आबांची गाठ आहे,” ती म्हणाली. “मुलं त्याच पंख्यांपुढे झोपतात.”

मी गेले. बाकावर घरातले पंखे ओळीने उभे होते. धाकटा एकेकाचं बूड उघडत होता. जुन्या वायरी बारीक होत्या, त्यांत गाठ ऐसपैस बसली होती. कुठेही काही चेपलं नव्हतं. बिचारी गाठ वाईट नव्हती, वायर जाड झाली आणि कुणी तिला विचारलं नाही, एवढंच. पण हे मी मोठ्याने बोलले नाही.

मी त्यांना दाखवलं, की बोर्डावर दिवा विझलेला दिसला, तरी हात लावण्याआधी टेस्टर वस्तूच्या अंगाला लावायचा. दर वेळी. कुणाच्याही हातचं असो. ‘कुणाच्याही’ म्हणताना धाकट्याने खाली बघितलं.

आबा खुर्चीतून उठून मागे आले. इतक्या दिवसांत ते बाकाजवळ आले नव्हते. त्यांनी माझ्या हातातला टेस्टर घेतला, खिशातली सुतळी काढली आणि तो बोर्डाच्या कडेला बांधला, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. हात थरथरत होता. गाठ तीच पडली. घट्ट.

धाकट्याने पहिल्या पंख्याची झाकणी बसवली, तो बोर्डाला लावला आणि बटण दाबलं. पाती फिरली, दिवा विझलेला राहिला. सवयीने त्याचा हात पंख्याच्या मानेकडे गेला.

“थांब,” आबा म्हणाले. “आधी टेस्टर लाव. माझ्या हातचं आहे.”

धाकट्याने टेस्टर लावला. तो पेटला नाही. मग दुसऱ्या पंख्याला लावला, मग तिसऱ्याला, आणि आबा प्रत्येक वेळी तेच म्हणत राहिले, शेवटचा पंखा होईपर्यंत. सून दाराला टेकून ऐकत होती आणि आता रडत होती.

मी घरी आले. ताट वाढून घेतलं. घास उतरला नाही.